हॉकी संघाचा जनरल मॅनेजर व्हायला कुठली पार्श्वभूमी लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या संघाचा हंगाम फसतो, जनरल मॅनेजरला घरी पाठवलं जातं, नव्या माणसाचं नाव जाहीर होतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा स्वतः कधी खेळलाय का?" या एका प्रश्नात सगळी पात्रता मोजून टाकायची सवय लागली आहे आणि तिच्यामुळे या कामाचं आकलनच चुकतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे प्रश्न जरा सविस्तर घेतले आहेत.

इथे हॉकी म्हणजे कुठली हॉकी?

बर्फावरची. मराठीत नुसतं 'हॉकी' म्हटलं की मैदान आठवतं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. इथे बोलायचं आहे ते नॅशनल हॉकी लीगबद्दल, म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतल्या ३२ संघांच्या एनएचएलबद्दल. अधूनमधून महिलांच्या व्यावसायिक लीगचाही उल्लेख येईल.

संघ 'चालवतो' म्हणजे नेमकं कोण?

मालक पैसे घालतो आणि अखेरचा शब्द त्याचा असतो. हेड कोच आज रात्रीचा सामना बघतो: कोण कुणाच्या जोडीला खेळणार, गोलमध्ये कोण उभा राहणार. या दोघांच्या मधली खुर्ची जनरल मॅनेजरची. कुठले खेळाडू घ्यायचे, कुणाला किती पैसे द्यायचे, कुणाला सोडायचं, कोच कोण असेल, हे सगळं तो ठरवतो. काही संघांत त्याच्या वर 'हॉकी ऑपरेशन्सचा अध्यक्ष' असतो. अशा वेळी कुठल्या निर्णयावर कुणाची सही लागते हे प्रत्येक संघात वेगळं असतं, आणि नोकरी स्वीकारण्याआधी ते विचारून घेणं फार महत्त्वाचं असतं.

या माणसाचं रोजचं काम काय असतं?

बाहेरून ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, तेवढे दिसतात. आत एक मोठं गणित सतत चालू असतं. संघात एका वेळी २३ खेळाडू ठेवता येतात, त्यातले २० सामन्याला उतरतात. खालच्या लीगमधले आणि नवे धरून एकूण करार ५०च्या वर जाऊ शकत नाहीत. खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामात ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. दर उन्हाळ्यात सात फेऱ्यांचा ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि त्यात बहुतेक मुलं अठरा वर्षांची असतात.

या कामाचा खरा जाच वेळेचा आहे. आज घेतलेला मुलगा चार-पाच वर्षांनी उपयोगी पडणार, आज दिलेला सात वर्षांचा करार सहाव्या वर्षी बोचणार. कोचच्या चुका त्याच रात्री फलकावर दिसतात. जनरल मॅनेजरच्या चुका पुष्कळदा तो गेल्यावर पुढच्याला निस्तराव्या लागतात. म्हणून हे काम कुणाला जमेल हे आधी ओळखणं इतकं अवघड आहे.

एखादी परीक्षा, परवाना, किमान शिक्षण अशी अट आहे का?

नाही. मालकाने नेमलं की झालं.

स्वतः एनएचएलमध्ये खेळलेलं असायलाच हवं का?

इतिहास बघितला तर अजिबात नाही, आणि मी इथे किरकोळ अपवाद सांगत नाही.

माँट्रियल कॅनेडियन्सचे सॅम पोलॉक १९६४ ते १९७८ जनरल मॅनेजर होते. त्या काळात संघाने नऊ स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकले. पोलॉक एनएचएलचा एकही सामना खेळले नव्हते. फ्रँक सेल्के यांच्या हाताखाली माँट्रियलचे ज्युनियर संघ सांभाळत त्यांनी कित्येक वर्षं उमेदवारी केली आणि मग ती खुर्ची मिळवली. लू लॅमोरिएलो गणिताचे शिक्षक होते, पुढे प्रॉव्हिडन्स कॉलेजात हॉकी कोच आणि नंतर क्रीडा संचालक झाले. १९८७ मध्ये ते न्यू जर्सी डेव्हिल्सचे अध्यक्ष झाले आणि लगेच जनरल मॅनेजरचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. न्यू जर्सीत आल्यापासून एकदाही प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) न गाठलेल्या या संघाने त्याच हंगामात प्लेऑफ गाठलं आणि पुढे १९९५, २००० आणि २००३ असे तीन कप जिंकले. बिल टॉरी खालच्या लीगमधल्या एका संघात प्रसिद्धीचं काम करत या धंद्यात आले. न्यूयॉर्क आयलंडर्सची स्थापना झाली तेव्हापासून ते जनरल मॅनेजर होते. १९७२-७३ च्या पहिल्या हंगामात संघाने ७८ पैकी फक्त १२ सामने जिंकले. १९८० ते १९८३ सलग चार कप त्याच संघाने नेले.

या दोघांचा, पोलॉक आणि टॉरी यांचा, १९७३ चा प्रसंग मला फार आवडतो. आयलंडर्स तळाला गेल्यामुळे ड्राफ्टमधली पहिली निवड टॉरींकडे होती, आणि डेनिस पॉटव्हिन नावाचा एक बचावपटू उपलब्ध होता. तो पोलॉकना हवा होता. पोलॉक यांची जुनी रीत अशी, की दुबळ्या संघाला आज लगेच खेळतील असे चार-पाच तयार खेळाडू देऊ करायचे आणि त्या बदल्यात उद्याचं रत्न उचलायचं. त्याच रीतीने त्यांनी कॅलिफोर्नियाच्या संघाकडून १९७१ ची पहिल्या फेरीतली निवड आधीच मिळवून ठेवली होती, आणि त्या निवडीतून गी लाफ्लर माँट्रियलला आला. आता तीच लालूच टॉरींपुढे होती. बारा सामने जिंकलेला संघ, रिकामी स्टँड्स, आणि समोर लीगमधला सगळ्यात मुरलेला माणूस भराभर नावं वाढवतोय. टॉरी नाहीच म्हणाले. पुढे त्या चारही कपांच्या वेळी आयलंडर्सचा कर्णधार पॉटव्हिनच होता.

त्या दिवशी समोरासमोर असलेल्या दोघांपैकी एकालाही एनएचएलच्या बर्फावर खेळायचा अनुभव नव्हता. कामाला आली ती पारख आणि थांबायची तयारी.

म्हणजे खेळल्याचा काहीच फायदा नाही?

आहे, आणि तो मोठा आहे. ड्रेसिंग रूममध्ये काय चालतं हे खेळाडूला सांगावं लागत नाही. दुखापत लपवून खेळणारा माणूस कसा वागतो हे त्याला दुरून कळतं. ट्रेड झाल्याचा फोन आला की घरात काय होतं, मुलांच्या शाळेचं काय करायचं, हे त्याने सोसलेलं असतं. असा माणूस तो फोन करताना जरा वेगळ्या आवाजात बोलतो.

पण खेळाडूने आयुष्यभर समोरचा माणूस वाचलेला असतो. आणखी पाच वर्षांनंतरचा माणूस वाचायची वेळ त्याच्यावर येत नाही. ते कसब वेगळं आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं.

मोठे खेळाडू या कामात यशस्वी झालेत ना?

झालेत. त्यांनी मधली वर्षं कशी घालवली हे बघण्यासारखं आहे.

डेट्रॉइट रेड विंग्जचा दिग्गज खेळाडू स्टीव्ह आयझरमन २००६ मध्ये निवृत्त झाला. डेट्रॉइटमध्ये त्याच्या नावाने काहीही चाललं असतं. त्याने चार वर्षं रेड विंग्जच्या कार्यालयात काढली, केन हॉलंड आणि जिम निल यांच्याबरोबर बसला, स्काउटिंगच्या, म्हणजे नवे खेळाडू हेरण्याच्या, बैठका ऐकल्या. २०१० च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाचा संघ निवडायची जबाबदारीही त्याने पार पाडली. मग तो टँपाला जनरल मॅनेजर म्हणून गेला. तिथे त्याच्या काळात निकिता कुचेरोव्ह ५८ व्या आणि ब्रेडन पॉइंट ७९ व्या क्रमांकावर निवडले गेले. २०२० आणि २०२१ चे कप आले तेव्हा खुर्चीवर ज्युलियन ब्रिझबुआ होते, पण त्या संघाचा पाया आयझरमनचा होता.

कोलोरॅडोचा दिग्गज खेळाडू जो सॅकिकची गोष्ट अधिक खडतर आहे. २०११ मध्ये सल्लागार, २०१३ मध्ये हॉकी विभागाचा प्रमुख, पुढच्या वर्षी जनरल मॅनेजर. २०१६-१७ मध्ये त्याच्या कोलोरॅडोने ८२ सामन्यांत फक्त ४८ गुण मिळवले. तळाच्या संघांचा ड्राफ्टमधला क्रम सोडतीने ठरतो, तिथेही नशीब फिरलं आणि पहिल्याऐवजी चौथी निवड हाती आली. त्या चौथ्या निवडीवर केल मकार आला. संघातल्या मॅट डुशेन या खेळाडूला विकण्याबद्दल महिनोन् महिने चर्चा चालली होती, चाहते वैतागले होते, सॅकिक मात्र मनासारखा सौदा मिळेपर्यंत, नोव्हेंबर २०१७ पर्यंत, हलला नाही. २०२२ मध्ये कप आला. ४८ गुणांच्या हंगामानंतर मालकाने त्याला काढलं असतं, तर 'मोठे खेळाडू या कामात नापास' याचं उदाहरण म्हणून आज त्याचंच नाव घेतलं गेलं असतं. मालकाचा धीर ही पार्श्वभूमीत न मोजली जाणारी, पण निकालात मोजली जाणारी गोष्ट आहे.

थेट बर्फावरून खुर्चीत बसलेलं कुणी आहे?

आहे. जुलै २००६ मध्ये आयलंडर्सने जनरल मॅनेजर नील स्मिथ यांना जेमतेम ४० दिवसांत काढलं आणि त्यांच्या जागी संघाचा राखीव गोलरक्षक गार्थ स्नो याला बसवलं. खेळाडू म्हणून निवृत्ती आणि ही नेमणूक एकदमच झाली. सप्टेंबरमध्ये गोलरक्षक रिक डीपिएत्रो याला १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार दिला गेला. या कराराचा आग्रह मालकाचा होता असं मानलं जातं, म्हणून सगळा दोष स्नोवर टाकणं अन्यायाचं होईल. दुखापतींनी डीपिएत्रोची कारकीर्द खाल्ली. २०१३ मध्ये करार मोडला, आणि त्यापोटी २०२९ पर्यंत त्याला दरवर्षी १५ लाख डॉलर द्यायचे ठरले.

मला यात दिसतं ते असं: काल ड्रेसिंग रूममध्ये बसणारा माणूस आज मालकाला 'नको' कसा म्हणणार? त्याचं स्वतःचं वजन तयार व्हायला मुळी वेळच मिळाला नव्हता.

स्काउटची पार्श्वभूमी सगळ्यात चांगली असं का म्हणतात?

कारण स्काउटचं चुकणं लिहून ठेवलेलं असतं.

केन हॉलंड गोलरक्षक होते. एनएचएलमध्ये चारच सामने खेळले. १९८५ मध्ये खेळ थांबला तेव्हा आईने व्हॅक्यूम क्लिनर विकायची नोकरी सुचवली होती, असं ते स्वतः सांगतात. त्याच सुमारास डेट्रॉइटच्या जिम डेव्हलानो यांनी त्यांना पश्चिम कॅनडाचा स्काउट म्हणून घेतलं. बारा वर्षांनी, १९९७ मध्ये, ते जनरल मॅनेजर झाले. १९९८, २००२ आणि २००८ असे तीन कप त्यांच्या कारकिर्दीत आले. पावेल डात्स्युक १९९८ च्या ड्राफ्टमध्ये १७१ वा, हेन्रिक झेटरबर्ग १९९९ च्या ड्राफ्टमध्ये २१० वा. या क्रमांकांपर्यंत बाकीच्या संघांची माणसं कागद आवरायला लागलेली असतात.

स्काउट कसा बघतो हे एकदा जवळून पाहिलं की या कामाबद्दलचा आदर वाढतो. तो वॉर्मअपच्या आधी येऊन बसतो. रिंकमध्ये थंडी असते, हातात वही असते, आणि बाकीचे सगळे पककडे, म्हणजे ज्या रबरी चकतीने खेळतात तिच्याकडे, बघत असताना तो पकपासून लांब असलेल्या मुलाकडे बघत असतो. चेंडूच्या खेळांतही हेच खरं आहे, पण बर्फावर वेग इतका असतो की पक आल्यावर विचार करायला सवडच नसते. म्हणून मुलगा पक येण्याआधी मान वळवून मागे बघतो का, चूक झाल्यावर परत धावतो की काठी आपटतो, शिफ्ट, म्हणजे बर्फावरची आपली पाळी, संपवून बाकावर येताना शेजाऱ्याशी बोलतो का, कोच ओरडला तर नजर कुठे जाते, हे तो टिपतो. मग घरी बसून लिहितो: हा तिसऱ्या फळीत खेळेल, याचं वजन वाढेल, हा दबावात विरघळेल. त्याखाली तारीख असते. पाच वर्षांनी कुणीही ते पान उघडून बघू शकतं. ज्या माणसाने अशी शेकडो पानं भरली आणि त्यातली निम्मी चुकलेली पाहिली, त्याच्या बोलण्यात एक नम्रपणा येतो. तो मला कुठल्याही पदवीपेक्षा मोलाचा वाटतो.

स्काउटची कमजोरीही सांगायला हवी. बरेच जण खेळाडू छान ओळखतात, पण करार, कायदा आणि माणसं सांभाळणं त्यांच्या अंगवळणी नसतं. वीस जणांचं कार्यालय चालवणं हे वहीत लिहिण्यापेक्षा वेगळं काम आहे.

वकील आणि खेळाडूंचे एजंट या खुर्चीवर का दिसतात?

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडू संघटनेच्या वादात रद्द झाला. त्यानंतर सॅलरी कॅप आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ९० लाख डॉलरची. तेव्हापासून करारातलं एक कलम म्हणजे संघातली एक जागा, असा हिशोब झाला. साहजिकच कलमं वाचता येणाऱ्यांचा भाव वधारला.

कागदाची किंमत काय असते हे शिकागोला २००९ मध्ये कळलं. ज्या तरुण खेळाडूंचा पहिला करार संपतो, त्यांच्यावरचा हक्क टिकवायला संघाने ठरलेल्या तारखेच्या आत त्यांना लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. शिकागोचे काही प्रस्ताव मुदतीत पोचले नाहीत. खेळाडू संघटनेने तक्रार केली. खेळाडू फुकट हातचे जातील या धास्तीने संघाने क्रिस व्हर्स्टीग आणि कॅम बार्कर यांना घाईने मोठे करार दिले. काही दिवसांतच जनरल मॅनेजर डेल टॅलन यांची उचलबांगडी झाली. टॅलन माजी खेळाडू, नंतर समालोचक, आणि पारख अशी की त्यांनी उभा केलेला संघ पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, कप जिंकला. पण तोवर ते तिथे नव्हते. आणि कप जिंकल्यावर पगाराच्या मर्यादेत बसण्यासाठी अर्धा संघ विकायची वेळ आली.

वकिली केलेले ब्रायन बर्क आणि ज्युलियन ब्रिझबुआ यांनी कप जिंकले आहेत. बर्क कॉलेज हॉकी खेळले, मग हार्वर्डमधून कायदा शिकले, एजंट झाले, लीगच्या मुख्यालयात शिस्तीचं काम पाहिलं आणि २००७ मध्ये अनाहाइमला कप मिळवून दिला. ब्रिझबुआ व्यावसायिक हॉकी कधी खेळले नाहीत. माँट्रियलच्या कायदा विभागातून सुरुवात करून वर्षानुवर्षं मदतनीसाची भूमिका त्यांनी निभावली.

एजंटाकडे आणखी एक गोष्ट असते: तो खेळाडूंना माणूस म्हणून ओळखतो. पियेर लाक्रुआ एकेकाळी गोलरक्षक पॅट्रिक रॉय याचे एजंट होते. डिसेंबर १९९५ मध्ये रॉयचं माँट्रियलशी बिनसलं, तेव्हा कोलोरॅडोच्या खुर्चीवर लाक्रुआ होते. चार दिवसांत रॉय कोलोरॅडोला आला आणि त्याच हंगामात कपही आला. बिल झिटो हेही एजंट होते. ते सात वर्षं कोलंबसमध्ये मदतनीस राहिले आणि २०२० मध्ये फ्लोरिडाला गेले. २०२२ च्या जुलैत त्यांनी मागच्याच हंगामात ११५ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलला केलेली मदत मिळून) मिळवलेला जोनाथन ह्युबर्डो देऊन मॅथ्यू टकाचक घेतला. तेव्हा अनेकांनी डोक्याला हात लावला होता. २०२४ आणि २०२५ चे कप फ्लोरिडाचे.

आकडेमोड करणाऱ्यांचं काय? कधी बर्फावर न उतरलेला माणूस संघ चालवू शकतो?

एरिक टल्स्की यांचं उदाहरण घ्या. बर्कलीतून रसायनशास्त्रात डॉक्टरेट, नोकरी नॅनोतंत्रज्ञानात, आणि फावल्या वेळात हॉकीच्या आकड्यांवर लेखन. त्यांचा गाजलेला प्रश्न साधा होता: प्रतिस्पर्ध्याच्या भागात शिरायची निळी रेषा ओलांडताना पक स्वतः घेऊन जावा, की आत फेकून त्यामागे धावावं? लीगकडे याची नोंदच नव्हती. म्हणून त्यांनी आणि इतर काही जणांनी सामने बघून प्रत्येक वेळी हाताने खूण केली. उत्तर निघालं, की पक घेऊन आत गेलं तर फेकण्याच्या मानाने साधारण दुप्पट शॉट मिळतात. 'पक आत टाका, धोका नको' हा पिढ्यान् पिढ्यांचा उपदेश होता, तो हलला.

कॅरोलिनाने त्यांना आधी सल्लागार म्हणून घेतलं, मग नोकरीत. २०२४ मध्ये ते जनरल मॅनेजर झाले, तोवर दहाएक वर्षं आतल्या बैठकांत गेली होती.

याच्या शेजारी जॉन चेका यांची गोष्ट ठेवा. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनाने त्यांना नेमलं तेव्हा ते २६ वर्षांचे होते. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये इतका तरुण जनरल मॅनेजर आधी झाला नव्हता. सामन्यांचं विश्लेषण करणारी कंपनी त्यांनी काढली होती, बुद्धीबद्दल शंका नव्हती. २०२० च्या जुलैत, प्लेऑफ तोंडावर असताना, त्यांनी संघ सोडला. ड्राफ्टमधल्या मुलांच्या नियमबाह्य शारीरिक चाचण्या घेतल्याबद्दल संघाने दोन निवडी गमावल्या, त्यातली एक पहिल्या फेरीतली. पुढे लीगने चेका यांना २०२१ च्या अखेरपर्यंत निलंबित केलं.

दोघंही आकड्यांतले. फरक मधल्या वर्षांचा.

कोच आणि जनरल मॅनेजर एकच असला तर?

पूर्वी चालायचं. आता काम इतकं वाढलंय की चालत नाही. शिवाय कोचला आजचा सामना हवा असतो, आणि आजच्या सामन्यासाठी तो उद्याचा मुलगा देऊन टाकेल. आयलंडर्सचे माइक मिलबरी माजी बचावपटू आणि कोच होते. जनरल मॅनेजर म्हणून त्यांनी २००० मध्ये तरुण गोलरक्षक रॉबर्टो लुओंगो दुसऱ्या संघाला दिला. २००१ मध्ये अलेक्सी याशिनसाठी झ्देनो चारा आणि ड्राफ्टची दुसरी निवड दिली, त्या निवडीतून ओटावाने जेसन स्पेझा घेतला. याशिनला दहा वर्षांचा ८ कोटी ७५ लाखांचा करार मिळाला, तोही पुढे मोडावा लागला. खेळ कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. धीर नव्हता.

ज्युनियर संघ चालवल्याचा अनुभव मोजतात का?

मोजायलाच हवा. केली मॅक्रिमन ब्रँडनच्या ज्युनियर संघाचे मालक, जनरल मॅनेजर आणि कोच होते. एनएचएलमध्ये कधी खेळले नाहीत. २०२३ मध्ये त्यांच्या वेगासने कप जिंकला. काइल ड्युबस २५ व्या वर्षी सू सेंट मरीच्या ज्युनियर संघाचे जनरल मॅनेजर झाले आणि तिथून टोरंटोला गेले. छोट्या संघात बसचं भाडं, पालकांचे फोन, सोळा वर्षांच्या मुलाचं घराच्या आठवणीने रडणं, सगळं एकाच टेबलावर येतं.

महिला या खुर्चीवर का दिसत नाहीत?

२०२५ पर्यंत तरी एनएचएलमध्ये महिला जनरल मॅनेजर झालेली नाही. पात्रतेची उणीव हे कारण मला पटत नाही. अँजेला गॉर्गोन १९९६ मध्येच अनाहाइममध्ये मदतनीस जनरल मॅनेजर होत्या. २०२२ मध्ये व्हँकुव्हरने एजंट एमिली कास्टाँगे आणि स्काउट म्हणून काम केलेल्या माजी ऑलिंपिकपटू कॅमी ग्रॅनॅटो यांना त्याच पदावर घेतलं. टोरंटोने हेली विकेनहायझर यांना घेतलं, त्या तर डॉक्टरही आहेत.

महिलांच्या लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ ला झाला. तिथे माँट्रियलचा संघ दानिएल सोव्हाजो यांनी उभा केला. त्यांची नोकरी पोलिसांत होती, आणि २००२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या कॅनडाच्या महिला संघाच्या त्या कोच होत्या. अनोळखी माणसाशी कठीण प्रसंगी शांतपणे बोलणं पोलिसात शिकायला मिळतं, आणि जनरल मॅनेजरचा निम्मा दिवस त्यातच जातो.

उत्तर अमेरिकेबाहेरचा माणूस?

फिनलंडचे यार्मो केकालाइनेन २०१३ मध्ये कोलंबसला पहिले युरोपीय जनरल मॅनेजर झाले. त्याआधी थोडं खेळणं, भरपूर स्काउटिंग आणि हेलसिंकीतला संघ चालवणं झालं होतं. २०१९ मध्ये त्यांच्या संघाने ६२ सामने जिंकलेल्या टँपाला पहिल्याच फेरीत ४-० असं बाहेर काढलं. दार उघडायला मात्र फार उशीर झाला.

कुठली पदवी घ्यावी?

कायदा, वित्त, संख्याशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन, काहीही चालेल. पदवीमुळे मुलाखतीचं बोलावणं येईल, त्यापुढे तिचा उपयोग थोडा.

सगळं असूनही माणूस अपात्र ठरावा अशी गोष्ट कोणती?

२०१० च्या प्लेऑफदरम्यान शिकागोच्या एका तरुण खेळाडूने संघाच्या व्हिडिओ प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. वरिष्ठांची बैठक झाली. अंतिम फेरी संपेपर्यंत, तीनेक आठवडे, काहीच कारवाई झाली नाही. २०२१ मध्ये चौकशी अहवाल आला, संघाला २० लाख डॉलर दंड झाला आणि तीन कप जिंकलेले जनरल मॅनेजर स्टॅन बोमन यांनी राजीनामा दिला. २०२४ मध्ये लीगने त्यांना परत काम करायची मुभा दिली आणि एडमंटनने त्यांना नेमलं.

या नेमणुकीबद्दल मतं टोकाची आहेत. माझं मत असं, की जनरल मॅनेजरच्या हाताखाली अठरा-वीस वर्षांची मुलं असतात आणि त्यांचं सगळं भविष्य त्याच्या एका सहीवर असतं. अशा मुलाने दार ठोठावलं तर सामना बाजूला ठेवून ते दार उघडणं ही या कामाची पहिली अट आहे. पारख, कायदा, आकडे, सगळं तिच्यानंतर.

मालकाने मुलाखतीत काय विचारावं?

जुने स्काउटिंग रिपोर्ट मागवावेत, विशेषतः चुकलेले. 'तुझं ऐकलं गेलं नाही अशी निवड सांग, आणि नंतर काय झालं तेही सांग' असं विचारावं. तुला काय जमत नाही, आणि त्यासाठी तू कुणाला घेणार, त्याचं नाव दे, असं विचारावं. आणि आधीच्या संघातल्या उपकरणं सांभाळणाऱ्या माणसाला फोन करावा. तो खरं सांगतो.

किती वर्षं लागतात?

जिम निल डेट्रॉइटमध्ये १९९८ ते २०१३ मदतनीस जनरल मॅनेजर होते. मग डॅलसला गेले. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं 'वर्षातला सर्वोत्तम जनरल मॅनेजर' हा मान त्यांना मिळाला.

माझी कुठेच ओळख नाही. सुरुवात कुठून करू?

जवळच्या रिंकवर जाऊन मुलांचे सामने बघा आणि लिहा. तारीख घालून लिहा. वर्षाने तीच पानं काढा आणि कुठे चुकलात ते शेजारी लिहा. पगाराच्या मर्यादेचे नियम मुळातून वाचा. ज्युनियर संघांना हात नेहमीच कमी पडतात, तिथे पडेल ते काम मागा.

हॉलंडना नोकरी देणारे जिम डेव्हलानो कुठल्याच पातळीवरचे नाव घेण्यासारखे खेळाडू नव्हते. १९६७ मध्ये सेंट लुईसचा संघ नवा सुरू होत होता, तेव्हा त्यांनी टोरंटो भागातले सामने फुकट बघून देतो असं त्या संघाला सांगितलं. तिथून आयलंडर्स, टॉरींच्या हाताखाली स्काउटिंग, आणि १९८२ मध्ये डेट्रॉइटचं जनरल मॅनेजरपद. पुढच्या उन्हाळ्यात, १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, त्यांची पाळी चौथी होती. त्यांनी पीटरबरोचा अठरा वर्षांचा एक मुलगा घेतला, स्टीव्ह आयझरमन.